मॉकबहाद्दर

टीममध्ये आलेला नवा मुलगा कधीतरी हळूच विचारतो, "ही टेस्ट नक्की काय तपासते?" मॉकबहाद्दर खुर्ची वळवतो, चष्मा कपाळावर चढवतो. "युनिट टेस्ट म्हणजे आयसोलेशन, भाऊ!"

हे आयसोलेशन तो सोवळ्यासारखं पाळतो. डेटाबेसचा स्पर्श नको, नेटवर्कची सावली नको. इथवर कुणाचीच तक्रार नाही. पण ज्याची परीक्षा घ्यायची तो क्लासही त्याला शिवलेला चालत नाही. इन्व्हॉइसमध्ये जीएसटी काढणारी एक क्लास मेथड आहे. हजारावर १८ टक्के, एवढाच मामला. याने तीच मेथड पॅच केली, रिटर्न व्हॅल्यू १८० भरली, मेथडला हाक मारली आणि खाली असर्ट केलं: उत्तर १८० आलं का? आलं!

गडी अडाणी म्हणावा तर तसंही नाही. त्याच्या एकेका टेस्टच्या डोक्यावर पॅच डेकोरेटरची उतरंड असते. पायथनमध्ये ती खालून लागू होते, म्हणून तळच्या पॅचचा मॉक पहिला पॅरामीटर होऊन येतो. हा उलटा क्रम त्याला तोंडपाठ. क्लास जिथे लिहिला तिथे नव्हे, जिथे इम्पोर्ट करून वापरला तिथे पॅच मारायचा, हेही तोच सगळ्यांना शिकवतो.

मॅजिकमॉकवर त्याचा भारी जीव. अख्खा क्लास साध्या मॅजिकमॉकने बदलला की कुठलीही मेथड मागा, तो नाही म्हणत नाही. मूळ मेथडचं नाव बदललं तरी टेस्ट हिरवीगार. ऑटोस्पेक लावला तर नसलेली मेथड मागताक्षणी मॉक बोंब ठोकतो. म्हणून हा लावत नाही. "उगाच टेस्ट फुटतात रे!"

पूर्वी 'असर्ट' गाळून नुसतं 'कॉल्ड वन्स विथ' लिहिलं तरी मॉक मुकाट खपवून घ्यायचा. २०२३ मध्ये पायथन ३.१२ आलं आणि ही चैन संपली. अपग्रेडच्या दिवशी त्याची स्क्रीन लालेलाल. आम्हाला वाटलं, आता तरी असर्ट लिहील. त्याने डॉक्युमेंटेशन उघडलं, 'अनसेफ' नावाचा एक पर्याय शोधला आणि दिसेल त्या मॉकला तो ट्रू करून टाकला.

पुढे प्रॉडक्शनमध्ये करच आकारला जाईना. ग्राहकाचा फोन, मॅनेजरच्या येरझाऱ्या. हा शांत. "माझ्याकडे तर पास होतंय." शेवटी लॉगमधला एरर त्याने जसाच्या तसा मॉकच्या साइड इफेक्टमध्ये भरला, तो एरर येतो याची टेस्ट लिहिली, ती पहिल्याच झटक्यात पास झाली, आणि त्याने तिकीट बंद केलं.