प्रात्यक्षिकांची यादी ठरवणाऱ्या साहेबांस



आपलं नाव अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत कुठेच छापलेलं नसतं, म्हणून नुसतं ‘साहेब’ म्हणतो. आमच्या भागातल्या एका तंत्रनिकेतनात मी मायक्रोप्रोसेसरची प्रात्यक्षिकं घ्यायला तासिका तत्त्वावर जातो. (मानधनाबद्दल वेगळं पत्र लिहीन.) त्यामुळे आपल्या कर्तृत्वाची फळं मला दर आठवड्याला पाहायला मिळतात.

आधी अभिनंदन. इंटेलने ८०८६ बाजारात आणला १९७८ साली. बोरलँडचा टर्बो असेंबलर आला १९८८ च्या सुमारास. आपण दोन्ही जसेच्या तसे राखलेत. राज्यातल्या किल्ल्यांच्या वाट्याला याच्या निम्मी निष्ठा आली असती, तर एकही बुरूज ढासळला नसता. मधल्या काळात विंडोज ६४ बिटांचं झालं आणि डॉसचे १६ बिटांचे प्रोग्राम चालवायला त्याने साफ नकार दिला. दुसरा कोणी असता तर थबकला असता. आपण डॉसबॉक्स आणवलात. जुने गेम पुन्हा खेळता यावेत म्हणून हौशी मंडळींनी केलेलं हे सॉफ्टवेअर. आमच्याकडे त्यात गेम सोडून सगळं चालतं. खिडकीत क्लिक केलं की माउसचा बाण आत अडकतो, तो सोडवायला कंट्रोल आणि एफ१० दाबावं लागतं. असेंबलीच्या तासाला मुलांना मिळणारं पहिलं पक्कं ज्ञान ते हेच. फाइलला जरा लांब नाव दिलं की ते छाटलं जाऊन शेवटी एक नागमोडी चिन्ह आणि एकचा आकडा उरतो, हे दुसरं.

आता प्रत्यक्ष असेंबली. यादीतलं सुरुवातीचं प्रात्यक्षिक: दोन संख्यांची बेरीज. बेरजेला एक सूचना पुरते, ॲड एएल, बीएल. पण उत्तर पडद्यावर उमटलंच पाहिजे असा आपला हट्ट. मग एएल या रजिस्टरमधल्या आठ बिटांचे चार-चारचे दोन तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा नऊच्या वर जातो का पाहायचं, जात नसेल तर ३०एच मिळवायचे, जात असेल तर ३७एच, आणि मग इंटरप्ट २१एच लावून डॉसला विनवायचं की बाबा रे, एवढं अक्षर छाप. एका ओळीच्या बेरजेमागे तीसेक ओळींची वरात. मुलं वरात पाठ करतात. नवरा-नवरी कोण, हे शेवटपर्यंत त्यांच्या ध्यानात येत नाही. शिवाय ज्या डॉसची ही मनधरणी चालते, तो त्यांच्यापैकी कुणाच्याही घरी नाही.

बरं, एवढं करून जे पाहायचं ते दिसतं का? एफएफएचमध्ये एक मिळवा. एएल शून्य होतो, कॅरी फ्लॅग एक होतो, झीरो फ्लॅगही एक होतो. आता ७एफएचमध्ये एक मिळवा. उत्तर ८०एच. या वेळी कॅरी शून्यच, पण ओव्हरफ्लो आणि साइन हे फ्लॅग वर येतात. कारण बिनचिन्हाच्या हिशेबाने १२७ अधिक एक म्हणजे १२८, चूक काहीच नाही. चिन्हाच्या हिशेबाने मात्र १२७ मध्ये एक मिळवला आणि उत्तर आलं उणे १२८. प्रोसेसरने बेरीज एकदाच केली, अर्थ दोन निघतात, आणि दोन्हींची नोंद त्याने फ्लॅगमध्ये करून ठेवली. कोणता अर्थ घ्यायचा ते पुढची जंपची सूचना लिहिणाऱ्याने ठरवायचं. साहेब, असेंबली शिकायची ती याच्यासाठी. सी किंवा पायथनमध्ये हे फ्लॅग समोर येत नाहीत. आणि आपल्या काळ्या पडद्यावर? तिथेही नाही. तिथे फक्त ‘८०’ उमटतं, आणि मुलं मोबाइलवर त्याचा फोटो काढून जर्नलमध्ये डकवतात.

टर्बो असेंबलरला मी दोष देत नाही. त्याच्या काळात ते उत्तम साधन होतं, आणि त्याच्याच जोडीला टर्बो डीबगर मिळायचा. आमच्या प्रयोगशाळेत त्याच फोल्डरमध्ये तो टीडी या नावाने आजही पडून आहे. तो उघडला की एकेक सूचना समोर दिसते, शेजारी रजिस्टर आणि फ्लॅग, खाली मेमरी. एफ७ दाबा, एक सूचना चालते आणि काय बदललं ते दिसतं. प्रयोगपुस्तिकेत मात्र टॅझम (असेंबलर), टीलिंक (लिंकर) आणि फाइलचं नाव, एवढ्या तीनच आज्ञा. चौथी अवघ्या दोन अक्षरांची होती. छपाईला कागद कमी पडला असावा.

आपल्या आधीच्या पिढीचं ८०८५ चं किट यापेक्षा प्रामाणिक होतं. सोळा आकड्यांचा कीपॅड आणि लाल दिव्यांचे आकडे, दुसरं फारसं काही नाही. तक्त्यात पाहून ३ई ०५ असं हाताने भरायचं, म्हणजे ए रजिस्टरमध्ये पाच. प्रोग्राम संपला की बटण दाबून रजिस्टर तपासायचं. कंटाळवाणं होतं खरं, पण पाच कुठे जाऊन बसला ते मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असायचं.

‘निधी नाही’ हे आपलं उत्तर मला पाठ आहे. म्हणून फुकट मिळणाऱ्यांचीच नावं घेतो. नॅझम हा असेंबलर १९९६ पासून आहे. व्हिडिओ हाताळणाऱ्या एफएफएमपेगसारख्या प्रकल्पातली, ८०८६ च्या वंशातल्या प्रोसेसरांसाठी हाताने लिहिलेली असेंबली आजही प्रामुख्याने त्यातूनच जाते. लिनक्सवर नॅझम आणि जीडीबी हा डीबगर जोडीने घ्या. लेआउट रेग्स एवढं टाइप केलं की रजिस्टर पडद्याच्या वरच्या भागात येऊन बसतात आणि बदललेलं रजिस्टर ठळक दिसतं. प्रयोगशाळेतला प्रोसेसर ८०८६ च्याच वंशातला आहे, त्याला सोंगाची गरज नाही. ८०८५ च हवा असेल तर जीएनयूसिम८०८५ आहे. श्रीधर रत्नकुमार यांनी २००३ साली तो लिहिला, कारण लिनक्सवर धड सिम्युलेटर सापडेना. मॅट गॉडबोल्ट यांचा कंपायलर एक्स्प्लोरर तर ब्राउझरमध्येच चालतो: डावीकडे सी लिहा, उजवीकडे असेंबली पाहा. एकपासून एनपर्यंत बेरीज करणारं लूप त्यात टाका आणि क्लँग या कंपायलरला ऑप्टिमायझेशन चालू करायला सांगा. उजवीकडे लूप उरतच नाही, गुणाकार आणि एक शिफ्ट उरते. हे पाहिल्यावर मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकतात. आणि मुळापासून बदलायची हिंमत असलीच, तर रिस्क-फाइव्ह हा प्रोसेसरचा आराखडा आहे. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा वेगा, हे दोन्ही प्रोसेसर त्याच आराखड्यावरचे. त्याच्या मूळ संचात सूचना पन्नासच्या आत, आणि राइप्स नावाच्या सिम्युलेटरमध्ये एकेक सूचना पाइपलाइनमधून सरकताना दिसते.

पण मग तोंडी परीक्षेचं काय होणार, ही आपली काळजी मला कळते. ८०८६ च्या ३३ क्रमांकाच्या पिनचं काम काय, हा प्रश्न एक्सटर्नल दरवर्षी विचारतात आणि मुलं दरवर्षी मिनिमम-मॅक्सिमम मोड म्हणून धडाधडा सांगतात. ओव्हरफ्लो आणि कॅरी यांत फरक काय, हे कुणी विचारलंच तर खोली शांत होते. सबमिशनच्या आठवड्यात गेल्या वर्षीच्या जर्नलच्या झेरॉक्सवरून प्रोग्राम पेनाने उतरवले जातात, एंड प्रोसीजरसकट. पेन कधी एरर देत नाही, त्यामुळे सगळे पास होतात आणि आपला निकाल शोभून दिसतो.

तेव्हा विनंती फार छोटी आहे. साधनं बदलायला समिती नेमायची असेल तर सावकाश नेमा. तोवर प्रत्येक प्रात्यक्षिकात एक तक्ता वाढवा: सूचना, तिच्याआधी रजिस्टरमध्ये काय होतं, नंतर काय झालं, कोणते फ्लॅग बदलले. हा तक्ता डीबगर उघडल्याशिवाय भरता येत नाही आणि प्रत्येकाला वेगळ्या संख्या दिल्या तर झेरॉक्सवरूनही उतरत नाही. पडद्यावर छापायचा सोपस्कार पहिल्या प्रात्यक्षिकातून काढून शेवटी ढकला. आणि पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत ‘टीडी’ ही दोन अक्षरं छापा.

कळावे.

आपला,
प्रयोगशाळेतला एक शिक्षक