प्रोटीनभाऊ

प्रोटीनभाऊ हा छत्रपती संभाजीनगरात बाराही महिने आढळणारा, साधारण एकोणीस ते एकतीस वयाचा पुरुष होय. सिडको-हडकोत त्याची दाटी अधिक; गारखेडा, मुकुंदवाडीकडे गल्लीगणिक एक तरी असतोच. ऐन थंडीत बिनबाह्यांचा बनियन, दोन्ही काखांत कलिंगडे धरल्यासारखी चाल आणि हातात शेकर, या खुणांवरून तो लांबूनच ओळखू येतो. चौथी खूण वासाची. शेकर वापरल्याबरोबर धुवावा लागतो. पण नाथसागर तुडुंब भरला तरी नळाला पाणी कितव्या दिवशी येईल हे पंचांगालाही न उमगणाऱ्या शहरात ही चैन परवडत नाही. त्यामुळे प्रोटीनभाऊच्या आधी त्याचे आंबलेले चॉकलेट घरात शिरते.

त्याचा स्वभाव एका प्रश्नात सामावलेला आहे: "ह्यात प्रोटीन किती?" हा प्रश्न तो अन्नाला विचारतो, वाढणाऱ्याला नव्हे. सत्यनारायणाच्या शिऱ्यालाही त्याने तो विचारलेला आहे. गुरुजींनी सव्वाचे माप सांगितले. ग्रॅमचे त्यांना ठाऊक नव्हते. बीड बायपासवरच्या एका लग्नात त्याने मटर-पनीरमधले पनीर तेवढे वेचून घेतले आणि मागच्या रांगेतल्या वऱ्हाडाला "मटारात पण असतं थोडं" असा धीर दिला. दहाव्याच्या जेवणात घरचे डोळे पुसत असताना तो वरणाची वाटी तिरकी करून तळाशी डाळ किती आहे ते पाहत होता.

इतिहासही या प्रश्नातून सुटत नाही. शहराचा नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, दिल्लीहून १३२७ साली दौलताबादला आलेल्या तुघलकाच्या फौजेसाठी निघाला, अशी दंतकथा आहे. प्रोटीनभाऊच्या मते एवढ्या लांबच्या कार्डिओनंतर फौजेने नान जास्त आणि खलिया कमी खाल्ला. राजधानी परत दिल्लीला गेली ती त्यामुळेच. तालमीतल्या वस्तादांनी त्याला ऐकवले, की खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक आणले ते पावडरीच्या डब्याविना. त्यावर त्याचे उत्तर: "डबा असता तर गोल्ड होतं, वस्ताद."

प्रश्न छळणारा असला तरी निराधार नाही. निरोगी प्रौढाला रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे भारतीय शिफारस सांगते. वजने उचलून स्नायू वाढवायचे तर गरज १.६ ग्रॅमच्या आसपास जाते. त्यापुढे फायदा फारसा वाढत नाही. म्हणजे सत्तर किलोच्या भाऊला ११२ ग्रॅम हवीत. तो दोनशेचा हिशेब धरतो, कारण ट्रेनरने तसे सांगितलेले असते आणि डबेही ट्रेनरच विकतो.

डब्यातली पावडर बहुधा व्हेची असते. दूध नासवून चीज करताना जे पाणी उरते ते गाळून, सुकवून ती तयार होते. पनीर केल्यावर उरलेल्या तशाच पाण्यात आई कणीक भिजवते, तेव्हा मुलगा नाक मुरडतो आणि तेच सुकवलेले तीन हजार रुपये किलोने आणतो. डबा उघडण्याचा विधीही पाहण्यासारखा असतो. आधी हॉलोग्राम नखाने खरवडून कोड पाठवायचा, मग तळाशी गाडला गेलेला चमचा शोधण्यासाठी कोपरापर्यंत हात घालायचा. बाहेर येणारा हात मकरसंक्रांतीच्या हलव्यासारखा पांढरा नसून तपकिरी असतो, एवढाच फरक.

एका स्कूपमध्ये २४-२५ ग्रॅम प्रथिने मिळतात. ती लवकर पचतात, आणि स्नायू बांधायला चालना देणारे ल्युसीन हे अमिनो आम्ल त्यांत भरपूर असते. तेवढीच प्रथिने चार अंड्यांत किंवा पन्नास ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत असतात. मूठभर शेंगदाण्यांत सात ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात. ज्वारीत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर; डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात पुरेसे. म्हणून भाकरी-पिठले आणि वरण-भात या जोड्या एकमेकींची उणीव भरून काढतात. शिवाय अन्नाबरोबर तंतू, लोह, कॅल्शियम येते. डब्याबरोबर टी-शर्ट येतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळाव्यात, असे म्हटले. त्याच वर्षी केरळातल्या डॉक्टरांनी पुढाकार घेऊन बाजारातल्या ३६ पावडरी तपासल्या; जवळपास सत्तर टक्क्यांत लेबलवरचा आकडा आणि आतला माल जुळला नाही. तरी पावडर हे विष नव्हे. वाळूजच्या कारखान्यात पाळ्या करणारा, दोन वेळच्या जेवणाच्या डब्यावर राहणारा शाकाहारी मुलगा एका खात्रीच्या स्कूपने उणीव भरून काढू शकतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. क्रम असा: आधी ताट, मग तूट, आणि तूट उरलीच तर डबा.

प्रोटीनभाऊ हा क्रम उलटा लावतो, आणि त्याची खरी किंमत गावाकडे कळते. वडील सोयाबीन पिकवतात. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला त्रेपन्न. तोही पदरात पडेलच असे नाही. त्या किलोभर सोयाबीनमध्ये साडेतीनशे ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. तेल काढून उरलेली पेंड कोंबड्या खातात, कोंबड्या भाऊ खातो, आणि डब्यासाठी पैसे कमी पडले की वडिलांना फोन करतो. "ह्यात प्रोटीन किती?" हे त्याने घरच्या पोत्याला कधी विचारलेले नसते.

लग्न ठरवतानाही प्रश्न सुटत नाही. कांदेपोह्यांची बशी पुढे आली तेव्हा एका भाऊच्या तोंडून तो निघालाच. मुलगी म्हणाली, "शेंगदाणे अकरा आहेत. मोजून घ्या." लग्न महिन्याभरात ठरले. तिने आल्यावर रिकामे डबे धुऊन ओळीने मांडले. आता 'आयसोलेट'मध्ये तूरडाळ आहे, 'मास गेनर'मध्ये शेंगदाण्याचे कूट, आणि भाऊ त्यांतलेच खातो.

या सवयीचा एक उपयोग नोंदवायला हवा. कधीतरी भाऊ आईच्या ताटाचा हिशेब करतो. सगळ्यांचे झाल्यावर ती बसते. भाजी संपलेली, वरण पातळ, भाकरीवर ठेचा. दिवसभराची बेरीज तीस ग्रॅमपुढे जात नाही, आणि पंचावन्न किलोला तर सेहेचाळीस हवेत. दुसऱ्या दिवसापासून तो तिच्यापुढे दह्याची वाटी आणि मूठभर फुटाणे ठेवतो आणि संपेपर्यंत उठत नाही. "मला काय मिस्टर मराठवाडा व्हायचंय?" असे ती विचारते. गल्लीला वैताग आणणारा त्याचा हट्ट इथे योग्य माणसाच्या कामी येतो, हे त्याच्या विरोधकांनाही मान्य करावे लागते.

पस्तिशीनंतर ही जात विरळ होते. बनियनवर शर्ट चढतो, शेकरमध्ये मुलीचे रंगकामाचे ब्रश उभे राहतात. चाळिशीत रक्ततपासणी झाली, की प्रश्नातले प्रोटीन जाऊन तिथे साखर येते. सत्यनारायणाच्या शिऱ्यासमोर भाऊ पुन्हा बसतो, आणि या खेपेला गुरुजी त्याला फक्त तुळशीचे पान देतात.