मधमाशीच्या डोळ्यांनी चाकण

सप्टेंबरातला शनिवार. पहाटे साडेपाचला निगडीहून निघालेले काका-काकू साडेसातला चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनर आणि कंपनीच्या बसच्या बेचक्यात अडकले होते. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाला याच गावात जवळपास दोन महिने झुलवत ठेवलं, हे काकूंना त्या सकाळी पहिल्यांदा मनापासून पटलं.

जायचं होतं भामचंद्र डोंगरावर. तुकोबांच्या साधनेची जागा. पण काकांची साधना वेगळीच. मधमाशीला दिसतं तसं रानफूल त्यांना टिपायचं होतं. आपल्या डोळ्यातलं भिंग अतिनील किरण अडवतं, मधमाशीला ते दिसतात. सूर्यफूल आपल्याला सबंध पिवळं. अतिनील फोटोत मात्र पाकळ्यांची टोकं उजळ, बुडखे काळे. मधाची पाटीच लावलेली! काकांनी त्यासाठी कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढचा फिल्टर काढून घेतला होता आणि भिंगावर लावायला काळाकुट्ट दुसरा आणला होता.

चौकात वेळ फुकट कशाला घालवायचा, म्हणून त्यांनी गाडीच्या काचेतूनच दुभाजकावरची फुलं टिपली. फोटो काळा. पुढच्या काचेत दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, तो बहुतेक अतिनील किरण तिथेच गारद करतो.

"तीस वर्षं गाड्याच बनवत होतात ना?" काकूंनी विचारलं.

डोंगरावर सोनकी फुलली होती, तेरडा होता, आणि वारा होता. काळ्या फिल्टरमधून डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. आधी फोकस करायचा, मग फिल्टर चढवायचा, मग चार सेकंद श्वास रोखायचा. काका रोखत, सोनकी रोखत नसे. बारा फोटोंत बारा धुरकट ठिपके. मध्येच एक मधमाशी आली, कॅमेरा-फिल्टरवाचून नेमकी फुलाच्या मधोमध बसली आणि काम आटोपून गेली.

हलला नाही असा फोटो एकच, काकूंचा. चेहऱ्याला सनस्क्रीन लावून त्या दगडावर स्वस्थ बसल्या होत्या. सनस्क्रीन अतिनील किरण शोषून घेतं, त्यामुळे चेहरा डांबर फासल्यासारखा. चष्म्याच्या पारदर्शक काचाही काळ्या ठिक्कर. काका म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या उत्तम आलाय." काकूंनी तो तिथल्या तिथे पुसायला लावला.

परतताना पुन्हा तोच चौक. काकांनी मोबाइलवर काढलेला सोनकीचा साधा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. गाडी तसूभर हलायच्या आत पहिलं उत्तर आलं : "झेंडू का?"