रा. रा. प्लायवूड राजवाडे यांस

श्रीमंत राजवाडे सरकारांचे सेवेशी, मुक्काम लिंबायत, सुरत येथून समस्त कुटुंबाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दिवाळीनंतर लाभपाचमीपर्यंत सुरतेचं कापड मार्केट बंद असतं. वर्षात तेवढेच दिवस आमच्या घरातले सगळे एकदम मोकळे सापडतात. त्यातला एक यंदा आपल्या दर्शनासाठी काढला. आपण ज्या स्टुडिओत उभे आहात त्याचं नाव इथे लिहीत नाही. थोरामोठ्यांची पाठ उघडी पडली की पत्ता झाकावा, एवढी रीत आम्हालाही कळते.

समोरून मात्र सरकार, आपला थाट काय वर्णावा! काळ्या पाषाणाचे चिरे, चिऱ्यांवर शेवाळ, वर नगारखाना. गाइड म्हणाला, हा वाडा सकाळी जयपूर असतो, दुपारी पेशवाईतलं पुणे, आणि कोणी भाड्याने मागितलाच तर संध्याकाळी हायकोर्ट. आमच्या धाकट्याने चिऱ्यावर टकटक केली, तर आपण पोकळ बोललात. गाइड ओरडला, "हात नको लावूस, शेवाळ ओलं आहे!" कालच रंगवलं होतं म्हणे. पावसाला जे काम करायला वर्षानुवर्षं लागतात ते आपल्याकडे एका ब्रशात उरकतं, याबद्दल अभिनंदन.

टूरचा शिरस्ताही आवडला. बसमधून कुठे उतरायचं, कुठे उभं राहून फोटो काढायचा, कुठे "वा" म्हणायचं, सगळं ठरलेलं. एका बंद दारावर लाल दिवा जळत होता. "आत खरं शूटिंग चालू आहे," असं सांगून गाइडने बस घाईघाईने पुढे काढायला लावली. थोडक्यात, जिथे काहीच चाललेलं नाही ते सगळं आम्ही अगदी नीट पाहिलं. अमेरिकेत 1915 साली कार्ल लेमली यांनी युनिव्हर्सल सिटी उघडली, तेव्हा 25 सेंट मोजून माणसं बाकांवर बसायची आणि समोर चाललेलं खरं चित्रीकरण बघायची. सिनेमा मुका होता, प्रेक्षकांच्या गलक्याने त्याचं काही बिघडत नव्हतं. बोलपट आला आणि बाकं उठली. टूर पुन्हा सुरू झाली ती 1964 मध्ये, ट्रॅममध्ये बसवून. आमची बस त्याच ट्रॅमच्या माहेरची असावी. थांबते कमी, बोलते फार.

खजिन्याच्या दालनात गाइडने विचारलं, "कुठून आलात?" सुरत म्हटल्यावर त्याची कळी खुलली. सुरतेच्या स्वारीचा प्रसंग तिथेच चित्रित झाला होता. पेटाऱ्यांत फेविकॉलने चिकटवलेल्या मोहरा होत्या. सरकार, 1664 आणि 1670 साली मराठे सुरतेत आले आणि दोन्ही वेळा भरल्या पेट्यांनी परतले. त्यानंतर आम्ही आलो, अमळनेर-नंदुरबारकडून, ताप्ती लाइनच्या गाडीने. आम्ही परत गेलोच नाही. पेट्यांचं अजून जमायचं आहे.

आता आपल्या पाठीविषयी. बस एका जागी थांबली असताना मावशी गायब झाली. शोधाशोध केली तेव्हा ती सापडली आपल्या मागच्या बाजूला, जिथे टूर जात नाही. तिथे आपण म्हणजे लाकडी टेकू, वाळूच्या गोण्या, वाकलेले खिळे, आणि उघड्या प्लायवर सुताराने पेन्सिलीने मांडलेला हिशेब. मावशी तो वाचत उभी होती. तिचं सारं आयुष्य लिंबायतच्या एका खोलीत साड्यांना लेस-पट्टी लावण्यात, टिकल्या चिकटवण्यात आणि धागा कापण्यात गेलं. मार्केटचा माणूस तिचा माल घेताना साडी आधी उलटी करतो, म्हणून तीही कुठल्याही वस्तूची आधी पाठ बघते. आपले सांधे तिने हाताने चाचपले, कुठे फट आहे का पाहिलं, आणि आमच्याकडे वळून निकाल दिला, "काम साफ शे." राजवाडे सरकार, दिवसभरात आपल्याला मिळालेली ही एकमेव खरी दाद. बाकीच्यांनी सेल्फी काढले.

गाइडने मात्र तिला हात धरून पुढे आणलं. "मावशी, मागे बघण्यासारखं काही नाही."

असं कसं म्हणतो हो तो? आपला कुलवृत्तान्त काढला तर मागे बघण्यासारखंच सगळं आहे. आपल्या घराण्याचा उगम रंगवलेल्या पडद्यांत. त्या पडद्यांना हटवून खरी खोली असलेले भरीव सेट उभे केले कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी, ज्यांचं मूळ आडनावच मेस्त्री. म्हणजे आपले मूळपुरुष कारागीर, राजे नव्हेत. त्याच्याही आधीचं सांगायचं तर दादासाहेब फाळके. ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्यात फोटोग्राफीचं दुकान चालवलं, तेव्हा आम्हा गुजरातवासी मराठ्यांना ते जरा जास्तच आपले वाटतात. त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची टूर 1913 मध्ये काढली असती तर गाइडला काय दाखवावं लागलं असतं? दादरचं एक घर. त्यात मंडळींचा स्वयंपाक करून, रात्री अंधारात कोऱ्या फिल्मला भोकं पाडत बसलेल्या सरस्वतीबाई. रोहिदासाचं काम करणारा घरचाच मुलगा, भालचंद्र. आणि तारामती झालेले अण्णा साळुंके, जे त्याआधी उपाहारगृहात कामाला होते. तिथे कुटुंब सिनेमा बघायला आलेलं नव्हतं, कामाला जुंपलेलं होतं. फाळक्यांचं नाव पुस्तकात मोठ्या अक्षरात असतं, ते योग्यच. पण भोकं न पडलेली फिल्म कॅमेऱ्यात इंचभर सरकत नाही, हेही कुठल्या तरी बसमध्ये माइकवरून सांगायला हरकत नसावी.

पोशाखांचं दालन तर आमच्या घरच्याच खात्यातलं. काचेआड राणीचा शालू, खाली पाटी, "अस्सल जर". सुरतेच्या माणसाला ही पाटी दाखवू नये, सरकार. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. इमिटेशनमध्ये तार तांब्याची. आणि तिसरी नुसती प्लास्टिकची चमकी. मावशीने काचेला नाक लावलं आणि क्षणात म्हणाली, "प्लास्टिक शे." गाइड समजुतीने म्हणाला, "कॅमेऱ्याला कळत नाही, मावशी." तेही खरंच. कॅमेऱ्याने कधी पदर उलटा करून पाहिलाय? आणि प्लास्टिकच्या जरीला आमचा विरोध मुळीच नाही, आमची चूल तिच्यावरच पेटते. पाटीवर तेवढं "सुरत" लिहा, म्हणजे झालं.

आमच्या घरातले नाना मात्र टूरभर गप्प होते. त्यांच्या मते खरा स्टुडिओ एकच, उंबरगावचा वृंदावन. रामानंद सागरांचं 'रामायण' तिथे चित्रित झालं. 25 जानेवारी 1987 पासून पुढच्या वर्षीच्या जुलैअखेरपर्यंत 78 भाग, आणि रविवारी सकाळी रस्ते ओस. वलसाड जिल्ह्यातलं हे गाव महाराष्ट्राच्या उंबरठ्यावर, बाजारात गुजराती-मराठी दोन्ही चालणारं. अयोध्येच्या राजवाड्यातही आमचीच माणसं, दशरथ बाळ धुरी, कौसल्या जयश्री गडकर, म्हणजे प्रत्यक्षातही नवरा-बायको. भरत संजय जोग, आणि कान भरायला मंथरा, ललिता पवार. नाना तेव्हा पॅसेंजरने उंबरगावला गेले होते. तिकीट नाही, गाइड नाही, टूर तर नाहीच. फाटकाबाहेरच्या गर्दीत त्यांना मुकुटाचं टोकसुद्धा दिसलं नाही. तरी ते दर्शन घडल्यासारखे परत आले आणि चाळीला पेढे वाटले. आम्हाला आपण पॅकेजमध्ये जेवणासकट दिसलात, आणि परतीच्या गाडीत चर्चा झाली ती फक्त जेवणातल्या पनीरची. यात दोष आपला नाही. नानांना फाटकाआड अयोध्या दिसत होती, आम्हाला फाटकाच्या आत पार्किंग दिसलं.

तेव्हा विनंती एवढीच. टूरमध्ये आपली पाठ दाखवायला लावा. मोल्डर चिरे कसे ओततो, पेंटर शेवाळ कसं काढतो, ड्रेसदादा एकाच अंगरख्यात तीन वेगवेगळे सरदार कसे कोंबतो, ते पाहायला आम्ही वेगळं तिकीट काढू. सिंहासनावर बसून फोटो काढायचे पैसे मात्र आम्ही या वेळीही दिले नाहीत, पुढेही देणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
लिंबायतचा एक प्रजाजन

ता. क. राणीच्या शालूची पट्टी उजव्या खांद्यापाशी उलटी शिवली आहे. मावशी म्हणते, पाठवून द्या, उसवून सरळ करून देते. मजुरी मीटरवर, धागा तुमचा.