आपापसात मिटवू नका

"सर तापट आहेत हो, पण मनानं निर्मळ आहेत." मुलाच्या मांडीवरचा स्टम्पचा वळ दाखवायला गेलेल्या आईला क्लबच्या चिटणीसांकडून मिळणारं हे पहिलं उत्तर. दुसरं, "इतक्या वर्षांत अशी तक्रार कधी आली नाही." आणि तिसरं, आवाज जरा खाली आणून, "सिलेक्शन तोंडावर आलंय, कशाला वाढवताय? आपापसात मिटवून टाकू."

हे तिसरं वाक्य सर्वांत घातक आहे. क्रिकेटचे नेट्स असोत, जलतरण तलाव असो, कबड्डीचा संघ असो की जिम्नॅस्टिक्सचा हॉल, मुलांच्या खेळातल्या तक्रारी इथेच येऊन मरतात. मिटवायचं म्हणजे सरांनी "मुलांच्या भल्यासाठीच करतो" असं म्हणायचं, पालकांनी चहा प्यायचा आणि मुलानं दुसऱ्या दिवशी त्याच सरांसमोर पॅड बांधून उभं राहायचं.

आता तक्रार करायची ठरवलीच, तर ती ऐकणार कोण? आपल्याकडचे बरेचसे क्लब धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेले न्यास किंवा संस्था आहेत. कागदावर अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार सगळे असतात. प्रत्यक्षात क्लब सरांनी काढलेला, चिटणीस सरांचा जुना विद्यार्थी, खजिनदार घरचंच कुणी. आपलेच दात, आपलेच ओठ. तिथे न्याय मागायचा म्हणजे सरांविरुद्धची तक्रार सरांच्याच हातात द्यायची.

मुंबईच्या उपनगरातल्या एका क्लबची अशी बैठक मी पाहिली आहे. मुलगा 11 वर्षांचा. कॅच सोडला म्हणून त्याला मैदानाला राउंड मारायला लावले, पाणी प्यायला थांबू दिलं नाही, आणि तो थांबलाच तेव्हा मांडीवर स्टम्प बसला. वडिलांनी लेखी अर्ज दिला. बैठकीत टेबलापलीकडे कार्यकारिणी आणि मधल्या खुर्चीत स्वतः सर. ज्यांच्याविरुद्ध अर्ज, तेच तो वाचून दाखवत होते. मग मुलाला आत बोलावलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे बाळा, सर तुला मारतात का?" मुलानं वडिलांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही." इतिवृत्तात नोंद झाली, "गैरसमज दूर झाला."

त्यानंतर त्या मुलाला कुणी बोटही लावलं नाही. फक्त नेटमध्ये त्याचा नंबर शेवटी लागू लागला. उजेड गेला की चार चेंडू खेळायला मिळायचे. मॅचच्या यादीत नाव असायचं, पण ते पाणी नेण्यासाठी. पावसाळा लागायच्या आत त्यानं किट माळ्यावर टाकलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. याचा वळ उमटत नाही, म्हणून याचा अर्जही करता येत नाही.

मैदानावरचा मार ही शिस्तच, असं मानणारे पालकही कमी नाहीत. "आम्हालाही मारलंय, म्हणून तर घडलो" हे मी अनेक बापांकडून ऐकलं आहे. त्यांना कायदा सांगायला हवा. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यानं, कलम 17 खाली, शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा द्यायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी घातली. तेच मूल संध्याकाळी गणवेश उतरवून मैदानावर आलं की हे संरक्षण संपतं, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 75 शाळेपुरतं नाही. मूल ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे, त्यानं त्याला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास होईल अशी मारहाण किंवा छळ केला, तर 3 वर्षांपर्यंत कैद, किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलांची काळजी ज्या संस्थेवर सोपवली आहे तिथल्या कर्मचाऱ्यानं किंवा चालकानं हे केलं, तर शिक्षा 5 वर्षांपर्यंत आणि दंड 5 लाखांपर्यंत. स्टम्प उचलण्याआधी हे आकडे सरांना माहीत असलेले बरे.

लैंगिक छळाच्या बाबतीत तर क्लबला मिटवण्याचा अधिकारच नाही. चिटणीसांनी, अध्यक्षांनी आणि पालकांनीही हे नीट ऐकावं. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, किंवा घडेल अशी ज्याला धास्ती वाटली, त्या प्रत्येकानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. क्लबची चौकशी समिती, सरांचा खुलासा, पालकांची बैठक हे आधी उरकून मग पोलीस, असा क्रम या कायद्यात नाही. न कळवणाऱ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखानं दडवला, तर 1 वर्षापर्यंत कैद आणि दंड. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर मात्र दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. म्हणजे गप्प बसणं धोक्याचं आणि बोलणं सुरक्षित, असं कायदा सांगतो. आपल्या क्लबांत नेमकं उलटं शिकवलं जातं.

पोलीस ठाण्याची पायरी चढायला पालक घाबरतात, हे मला समजतं. पण याच कायद्यात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायला सांगितलं आहे, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेशाशिवाय. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचं नाव छापता येत नाही. मुलाच्या बदनामीची भीती दाखवून तक्रार मागे घ्यायला लावणारा पदाधिकारी प्रत्यक्षात क्लबच्या नावाची काळजी करत असतो.

तक्रार दडपण्याची रीत जगात सगळीकडे सारखीच आहे. 2016 मध्ये अमेरिकेतल्या 'इंडियानापोलिस स्टार' या दैनिकानं तिथल्या जिम्नॅस्टिक्स महासंघाची कपाटं उघडी पाडली. पन्नासहून अधिक प्रशिक्षकांविरुद्धच्या लैंगिक छळाच्या तक्रारींच्या फायली तिथे पडून होत्या. पीडित मुलीची किंवा तिच्या पालकांची सही नसेल तर तक्रार ही ऐकीव गोष्ट समजून बाजूला ठेवायची, असा तिथला प्रघात. ही बातमी वाचून एक माजी जिम्नॅस्ट पुढे आली आणि लॅरी नासर या संघाच्या डॉक्टरचं प्रकरण फुटलं. 2018 च्या जानेवारीत दीडशेहून अधिक मुलींनी आणि स्त्रियांनी न्यायालयात उभं राहून आपली हकिगत सांगितली. त्यांच्यातल्या एकीनं सांगितलं की 1997 मध्येच, वयाच्या सोळाव्या वर्षी, तिनं हे आपल्या प्रशिक्षिकेच्या कानावर घातलं होतं. त्या एका मुलीचं वेळेवर ऐकलं असतं तर पुढच्या किती जणी वाचल्या असत्या, हा विचार मनातून जात नाही.

आणि आपल्याकडे? 18 जानेवारी 2023 रोजी विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचा आरोप होता. गुन्हा नोंदवला गेला 28 एप्रिलला, तोही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. मध्ये 100 दिवस गेले. पुढे त्यातलं पॉक्सोचं प्रकरण 2025 च्या मे महिन्यात न्यायालयानं बंद केलं आणि प्रौढ कुस्तीपटूंच्या तक्रारींवरचा खटला वेगळा उभा राहिला. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. माझा मुद्दा त्या 100 दिवसांचा आहे. देशाला पदकं आणून देणाऱ्यांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी रस्त्यावर बसावं लागतं, तर तालुक्याच्या संघातल्या 14 वर्षांच्या मुलीनं कुठे बसायचं? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा क्रीडा संस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा यांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. तरीही आंदोलन सुरू झाल्यावर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला 2023 च्या मे महिन्यात क्रीडा महासंघांना नोटिसा काढाव्या लागल्या, कारण 30 पैकी जवळपास निम्म्या महासंघांत नियमाप्रमाणे समितीच नव्हती. दिल्लीत ही गत, मग गल्लीत काय असणार!

सगळ्याच तक्रारी पोलिसांत नेण्याच्या नसतात, हेही खरं. शिवीगाळ, वजनावरून किंवा जातीवरून टोमणे, सीनिअर मुलांनी ज्युनिअरांकडून किट उचलून घेणं, दौऱ्यावर खोलीत कोंडून ठेवणं. यांतल्या काही गोष्टी चटकन गुन्ह्याच्या हद्दीत शिरतात, जातीवरून अपमान तर नक्कीच. उरलेल्या क्लबच्या पातळीवर सुटू शकतात, पण त्यासाठी क्लबकडे पद्धत हवी. इंग्लंडमध्ये मुलांचे संघ चालवणाऱ्या फुटबॉल क्लबला मुलांच्या हितासाठी एक स्वतंत्र अधिकारी नेमावाच लागतो. आपल्याकडेही प्रशिक्षक नसलेली, त्यांच्या नात्यागोत्यात नसलेली एक व्यक्ती, शक्यतो स्त्री, आणि तिचा फोन नंबर मैदानावरच्या फलकावर, एवढं तर उद्या सकाळी करता येईल. याला खर्च शून्य आहे. तोंडी तक्रारही तारीख घालून वहीत उतरली पाहिजे. मुलाशी बोलायचं ते सरांच्या माघारी, त्याच्या विश्वासाच्या माणसासमोर, आणि एकदाच. चार जणांनी चार वेळा विचारलं की मूल शेवटी मोठ्यांना हवं तेच बोलतं. चौकशी चालू असेतोवर सर त्या बॅचपासून दूर राहतील आणि निर्णय पंधरा दिवसांत दोन्ही बाजूंना लेखी मिळेल.

त्यापुढची गोष्ट कुणीच करत नाही, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. तक्रार केलेल्या मुलाला पुढचे तीन महिने नेटमध्ये किती चेंडू खेळायला मिळाले, किती सामन्यांत घेतलं, याची नोंद ठेवा. सूड तिथेच उगवला जातो.

दोषी ठरलेल्या सरांचा गुपचूप राजीनामा घेऊन विषय संपवणं, हा तर निव्वळ पळपुटेपणा. ते सर पुढच्याच महिन्यात शेजारच्या वॉर्डात नवी अकादमी काढतात आणि तिथल्या पालकांना कुणी काही सांगत नाही. स्वतःच्या अंगणातला विंचू शेजारच्या अंगणात टाकण्यासारखंच हे.

बहुतांश प्रशिक्षक तुटपुंज्या मानधनावर, उन्हातान्हात, जीव ओतून शिकवतात. खोट्या तक्रारीची भीती त्यांना असते आणि ती अनाठायी नाही. मुलाला संघात घेतलं नाही म्हणून वर्तनाचा आरोप ठोकणारे पालक आहेत, पंचाला आईवरून शिव्या घालणारे आणि समोरच्या संघातल्या लहान मुलाला हिणवणारेही आहेत. निवडीचं गाऱ्हाणं निवड समितीकडे जावं, आणि बेताल पालकाचं नाव त्याच वहीत चढावं. पण चांगल्या प्रशिक्षकाचं रक्षणही पद्धतशीर चौकशीच करते. चौकशी नसली की व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुजबुज होते आणि तिथून निर्दोष माणूसही कधी सुटत नाही.

हे सगळं क्लब आपणहून करतील? मला वाटत नाही. 2020 च्या पॉक्सो नियमांत क्रीडा अकादमींचा नावानिशी उल्लेख आहे. मुलांशी संपर्क येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कायम असो की कंत्राटी, ठरावीक काळानं पोलीस पडताळणी करायची आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण द्यायचं. किती क्लबांत ट्रॉफ्यांच्या कपाटाशेजारी त्या दाखल्यांची फाईल आहे? बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर 2024 च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारनं शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समितीबद्दल खडसावलं. शाळा सुटल्यावर मूल जिथे दोन तास घालवतं, त्या मैदानाकडे कुणी वळून पाहिलं नाही. आणि ते मैदान पुष्कळदा महापालिकेचंच असतं, भाड्यानं दिलेलं. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. पडताळणीचे दाखले नाहीत, तक्रार घेणाऱ्या माणसाचं नाव फलकावर नाही, तर मैदान नाही, अशी अट महापालिकेनं आणि क्रीडा खात्यानं करारात घालावी. नवा कायदा लागत नाही, करारात दोन ओळी लागतात.

तोवर काम पालकांनाच करावं लागेल. पुढच्या शिबिराची फी भरण्याआधी विचारा, "सरांविरुद्ध तक्रार असेल तर कुणाकडे जायचं?" उत्तरादाखल सरांचंच नाव आलं, तर पैसे खिशात ठेवा आणि मुलाला घेऊन घरी जा. आणि मूल कुठे अडकलंय असं वाटलं, तर चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट लागतो आणि मूल स्वतःही तो लावू शकतं. आजच त्याला पाठ करून द्या.