बाणवाले नाना

तपासणीसाठी कोडचा पीआर टाकून चहाला जावं आणि परत येऊन बघावं, तर खाली नानांची ओळ उमटलेली असते : "हे फंक्शन परत काय देतं? बाण कुठाय?"

पायथनमध्ये फंक्शनच्या कंसापुढे एक बाण काढून त्याच्या टोकाशी लिहिता येतं, की आतून आकडा निघणार, मजकूर निघणार की यादी. हा रिटर्न टाइप. बाण आला 2008 साली, पायथन 3.0 बरोबर, त्याचा अर्थ काय लावायचा ते ठरलं 2015 मध्ये, 3.5 ला. नानांचं वय अडतीस, पण बाणाला अर्थ आला त्या वर्षापासून ते नाना झाले, असं ऑफिसातली जुनी मंडळी सांगतात.

गंमत म्हणजे पायथन स्वतः या बाणाला काडीची किंमत देत नाही. आकडा देईन असं लिहा आणि खुशाल 'गणपती बाप्पा मोरया' परत करा, तो हूं की चूं करत नाही. तपासायला मायपाय नावाचा वेगळा इन्स्पेक्टर बोलवावा लागतो. मी एकदा म्हटलं, "नाना, जो पाळायचाच नाही तो शब्द लिहायचा कशाला?"

"लग्नपत्रिकेवर मुहूर्त छापतात ना? लागतं का त्या वेळेला?" नाना म्हणाले. "म्हणून छापायचं सोडतात?"

घरीही हेच. वहिनींना "काय झालं?" विचारलं, की उत्तर येतं, "काही नाही." नाना आम्हाला समजावतात, "रिटर्न लिहिलं नाही की पायथनसुद्धा 'नन' देतो. पण त्याचं 'काही नाही' खरंच काही नाही असतं रे!"

अशा माणसाच्या राज्यात मार्चअखेरीला एक रिपोर्ट निघाला. नोंदी हजारोंनी, एकूण रक्कम शून्य. एरर नाही, साधी सूचनासुद्धा नाही. फंक्शनवर बाण झळकत होता : यादी. सगळं कसं पत्रिकेप्रमाणे.

आत बघितलं, तर रिटर्नच्या जागी 'यील्ड' बसलेला. हा बाणाहून जुना, 2001 पासूनचा. फंक्शनात कुठेही यील्ड आला की ते जनरेटर होतं. यादी म्हणजे पोळ्या करून डब्यात भरून ठेवलेल्या, कितीदाही मोजा. जनरेटर म्हणजे तव्यावरून थेट पानात : तुम्ही मागाल तेव्हा एक, आणि तोवर आचारी लाटणं हातात धरून जिथल्या तिथे उभा. प्रचंड फाइल असली की हीच रीत बरी, कारण डब्याएवढी जागा लागत नाही. पण कणीक एकदाच. आमच्या रिपोर्टने आधी पोळ्या मोजल्या, म्हणजे एकेक मागून संपवल्या. मग बेरजेला दुसरी पंगत बसवली. पानं रिकामी, बेरीज शून्य. गणित बिनचूक!

मग मायपाय का ओरडला नाही? कारण बाणाच्याच ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'टाइप इग्नोर'. म्हणजे इन्स्पेक्टरसाहेब, इकडे बघू नका. ओळ कोणी लिहिली ते काढायला गिटमध्ये ब्लेम नावाची सोय आहे. काढलं. नाव वाचून आमच्यातला सगळ्यात नवा मुलगा उगाचच खुर्चीतून उठून उभा राहिला.

मी नानांना टपरीवर घेऊन गेलो.

"ती ओळ माझी," नाना म्हणाले आणि थांबले.

"मग?"

"फाइल मेमरीत मावत नव्हती." चहाचा घोट.

"मग?"

"यील्ड टाकला. मायपाय लाल व्हायला लागला."

"मग?"

"रात्रीचे दोन वाजले होते रे. बाणाच्या टोकाशी 'इटरेटर' लिहायचं, एवढंच होतं."

"मग?"

नानांनी ग्लास ठेवला. पुढे तीनदा "मग?" विचारलं, काही आलं नाही. चहाचे पैसे मी दिले.