वाढीव वॉरंटी कशी निवडावी : नवशिक्या नाखव्यांसाठी

आउटबोर्ड मोटर घ्यायला गेलात की दुकानात दोन किमती सांगतात. पहिली मोटरीची. दुसरी बिल छापता छापता, जरा खालच्या आवाजात, निर्धास्त झोपेची. मालवण-देवबागच्या किनाऱ्यावर होडी कशी लोटावी, वारं कसं ओळखावं हे शिकवणारे पुष्कळ आहेत, पण या दुसऱ्या किमतीबद्दल कुणी शिकवत नाही. म्हणून ही मार्गदर्शिका.

आधी तुम्ही कोण आहात ते ठरवा. फॉर्मवर ‘हौस’ आणि ‘व्यवसाय’ असे दोन चौकोन असतात. रविवारी गळ टाकून रिकाम्या हाताने परतणारा माणूस हौशी, त्याला वर्षं जास्त मिळतात. पहाटे जाळं टाकून घर चालवणारा व्यावसायिक, त्याला कमी. मोटर जितकी कमी वापराल तितकं संरक्षण अधिक, हे या शास्त्राचं मूळ सूत्र पाठ करून ठेवा. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणं हा व्यवसाय झाला. मेव्हण्याला फिरवून आणलंत आणि त्याने पेट्रोलचे पैसे दिले, तर काय होतं याबद्दल फॉर्म मौन पाळतो. मेव्हण्याने पैसे दिल्याचं उदाहरण कंपनीच्या पाहण्यात नसावं. मात्र व्यवसाय असताना हौसेवर खूण करू नका. नव्या इंजेक्शनवाल्या मोटरींतला कॉम्प्युटर किती तास चाललो याची नोंद स्वतःच ठेवतो, आणि तो गाववाला नसल्यामुळे तुमची बाजू घेत नाही.

आता ‘यात काय समाविष्ट नाही’ हे पान काढा. ते सगळ्यात लांब असतं, अक्षरही सगळ्यात बारीक. साधारणपणे पंखा, स्पार्क प्लग, पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी इम्पेलर आणि गंज खाण्यासाठीच बसवलेला जस्ताचा तुकडा, म्हणजे अॅनोड, ही मंडळी झिजणारी म्हणून बाहेर काढलेली असतात. गंजही बहुधा बाहेर. मोटर पाण्यात बुडणं तर बाहेरच. म्हणजे वॉरंटी खरी मोटरीची आहे, समुद्राची नाही. गोड्या पाण्याच्या तळ्यात, सावलीत, न चालवता ठेवलेल्या मोटरीला ती उत्तम लागू पडते.

इम्पेलरवर जरा थांबू या, कारण देवबागेत खेळ तिथेच होतो. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी वाळूचे दांडे सरकत असतात. ओहोटीला तिथून मोटर काढलीत की पंप पाण्याबरोबर वाळूही ओढतो, रबराची पाती झिजतात, मोटरीच्या मागून पडणारी पाण्याची धार बारीक होते आणि शेवटी इंजिन तापून जाम होतं. मग दावा करा. कंपनी म्हणेल, इंजिन समाविष्ट आहे, पण ते इम्पेलरमुळे गेलं, आणि इम्पेलर समाविष्ट नाही. या युक्तिवादात खोट काढायला गेलेले लोक दमून परत आले आहेत. तेव्हा विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : झिजणाऱ्या भागामुळे न झिजणारा भाग गेला तर? उत्तर तोंडी घेऊ नका.

पेट्रोलचा प्रश्न याहून रंगतदार. आपल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिका दहा टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि कोकणात हवेत दुसरं असतं तरी काय. ओल फार झाली की पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि तिथून इंजिनात जातं. ‘अयोग्य इंधन’ हे वाक्य पुस्तिकेत सापडलं तर त्याच्याखाली रेघ मारा. योग्य इंधन कुठून आणायचं, याची पायरी मलाही लिहिता आलेली नाही.

सर्व्हिसचे कागद जपा. पहिली सर्व्हिस बहुधा पहिल्या वीस तासांना, नंतर दर शंभर तासांनी किंवा वर्षाला, आणि तीही अधिकृत केंद्रात. केंद्र किती लांब आहे ते सही करण्याआधी पाहा. मोटर तिथवर नेण्याचा टेम्पो कोणाच्या खिशातून, हेही. गावातला मेकॅनिक मात्र फोन केला की पुळणीवर येतो. गिअरचं तेल चहासारखं दुधाळ दिसलं की सील गेलं, पाणी शिरलं, हे तो बोट बुडवून सांगतो. वॉरंटीचा कागद दाखवलात तर म्हणतो, “तो खिशात घाल. आदी झाकण काढ.” झाकण त्याने काढलं की पुढच्या दाव्याला एक नवं कारण तयार होतं.

दिवसांचा हिशेबही करा. वॉरंटी कॅलेंडरवर चालते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, म्हणजे वर्षाला ६१ दिवस. तीन वर्षांच्या वॉरंटीतले १८३ दिवस मोटर ताडपत्रीखाली झोपून काढते, आणि त्या झोपेचेही पैसे तुम्ही भरलेले असतात.

कागदावर सही कोणाची, कंपनीची की मधल्या कुठल्या तरी एजन्सीची, हेही बघा. ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन माणसाने १९०९ साली आउटबोर्ड मोटरींचा धंदा सुरू केला. वाग्दत्त वधूसाठी होडी वल्हवत आणलेलं आइस्क्रीम वितळलं, म्हणून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. त्याच्या नावाच्या मोटरींचं उत्पादन २०२० साली थांबलं. जुन्या वॉरंट्या पाळू असं मालक कंपनीने सांगितलं, कारण मागे मोठी कंपनी होती. एका खोलीच्या एजन्सीचं शटर असं काही सांगून खाली येत नाही.

राहिलं बिल. ते स्वतःच्या नावावर घ्या, धंद्याच्या भारदस्त नावावर नको. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूला बाहेर ठेवतो, पण केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला आत घेतो. स्वतः होडीवर जाणाऱ्याला तिथे दार उघडं आहे, तक्रारीला मुदत दोन वर्षं. बिलावरची शाई दमट हवेत लवकर उडते, म्हणून फोटो काढून घरच्या कोणाच्या तरी मोबाइलवर ठेवा. तुमचा मोबाइल एक दिवस पाण्यात जाणारच आहे. त्याची वाढीव वॉरंटी तुम्ही घेतली असेल, तर ही मार्गदर्शिका पुन्हा पहिल्यापासून वाचा.